पहिला आकडा

जानेवारीचे तीन आठवडे गेले तरी मी संत्र्याला पाणी सोडलं नव्हतं. काटोल रोडला लागून असलेल्या सगळ्या बागांत मोटारी सुरू झाल्या होत्या, एक माझीच बंद.

आंब्या बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलासाठी, झाडांना महिना-दीड महिना तहानलेलं ठेवावं लागतं. त्याला आम्ही ताण म्हणतो. ताण नीट बसला की पाणी सोडायचं, मग फूल येतं. लवकर सोडलं तर नुसता पाला फुटतो, उशीर झाला तर फांद्या वाळतात. कधी झाडही जातं. माझी झाडं नव्वद, नात गार्गी जन्मली त्या वर्षी लावलेली.

गार्गी आता नागपुरात इंजिनियरिंगला आहे. दिवाळीत आली तेव्हा तिनं एका झाडाच्या बुडाशी मातीची ओल मोजणारी पट्टी खोचली. पट्टीची वायर मोटारीच्या खोलीत आणून बोटभर लांबीच्या हिरव्या पाटीला जोडली, आणि ती पाटी यूएसबीच्या वायरनं आपल्या जुन्या लॅपटॉपला. माती जितकी कोरडी तितका आकडा मोठा. आठशेच्या वर गेला की ताण तोडायचा. मी रोज सकाळी लॅपटॉप लावायचा, वायर खोचायची आणि फोनवर आकडा सांगायचा. पडद्यावर एकाखाली एक येणारे पळते आकडे पाहून माझे डोळे फिरतात, म्हणून तिनं ते वर सरकणार नाहीत अशी सोय करून ठेवली.

"आजी, आज किती वं?"

"चारशे बारा."

"मंग ओल आहे अजून. नको सोडू पाणी."

"पानं तं गळून राहिली, पोरी."

"काहून गळतील? काल तीनशे अठ्ठ्याण्णव होता, आज चारशे बारा. हळूहळू वाढून राहिला ना."

दुसऱ्या दिवशी चारशे पाच. वाढायचा सोडून कमीच झाला. थेंब पाणी दिलं नसताना माती ओली कशी होईल? मी टिकासनं हातभर खणलं. खालची माती मुठीत दाबली तर भुगा झाली. परत खोलीत आले, पडद्याकडे पाहिलं. चारशे पाच. माझी मूठ खोटी की यंत्र, काही कळेना. म्हातारपणी हाताची जाण जाते, असंही मनात येऊन गेलं.

शेजारचा लहानू धुऱ्यावरून ओरडला, "काय वं काकू, कॉम्प्युटरनं सुट्टी नाही दिली का झाडायले पाणी प्यायची?"

"तुह्यासारखा अंदाजानं नाही चालत मी," म्हटलं, पण आवाजात जोर नव्हता. अर्धा पाला खाली पडला होता. शेंडे काळे पडायला लागले होते.

रविवारी गार्गी स्वतःच आली. बागेकडे पाहून तिनं पायातली चप्पलही काढली नाही, सरळ मोटारीच्या खोलीत गेली.

"आजी, तू रोज करते तसंच कर. मी नुसती पाहतो."

मी लॅपटॉप लावला, वायर खोचली. आकडे उतरायला लागले. मी सगळ्यात वरच्यावर बोट ठेवलं. "चारशे नऊ."

"अन् हे खालचे?"

"ते काय खरे? घडीत आठशे अडतीस, घडीत आठशे एक्केचाळीस, मंग आठशे छत्तीस. एकाचा एकाले मेळ नाही. वरचा तेवढा बदलत नाही."

गार्गी पडद्याजवळ वाकून खालचे आकडे पाहत राहिली. मला वाटलं रागावली. त्रेपन्नाव्या वर्षी मी साक्षरतेच्या वर्गात बसले, तेव्हा उत्तराबाई आम्हाला सांगायच्या, वाचायचं ते पहिल्या ओळीपासून. मधूनच बोट ठेवलं की टेबलावर पट्टी वाजायची. मी पहिली ओळ सोडून दुसरीकडे कशाला जाईन?

"वायर लावल्या लावल्या पट्टीचा आकडा जागेवर येत नाही, आजी," ती म्हणाली. "पहिले चार-पाच आकडे सोडून द्यायचे असतात. खालचे खरे. दोन-चारचा फरक राहतेच त्यात. मी तुले सांगितलंच नाही वं."

"म्हणजे आठशे कधी झाले?"

तिनं हिशोब केला नाही. तिचे डोळे भरले होते. "पंधरा दिवस तरी झाले असतील."

मी बटण दाबलं. मोटार घरघरली, पाइपातून आधी हवा आली, मग पाणी. पहिल्या रांगेच्या आळ्यांत ते पडलं तसं जमिनीनं आवाज करत ओढून घेतलं. मी एका फांदीची साल नखानं खरवडली. आत हिरवं, जिवंत होतं. शेजारच्या झाडाची खरवडली, आत तपकिरी. तिसऱ्याची एक फांदी हिरवी, दुसरी कोरडी ठाक.

गार्गी मागं मागं येत होती. "वाचतील का, आजी?"

"मले काय माहीत?"

"फूल येईन का?"

"पाणी दुसऱ्या रांगेत घे," मी म्हटलं आणि चौथ्या झाडाकडे गेले.