समोरच्यांचं उघडं आहे!

मी एका किराणा दुकानाचं जुनं शटर आहे, मित्रांनो. मी कुरकुरतो, हे खरं आहे. पण रोज दोनदा कुणी तुमचे कान धरून ओढले असते, तर तुम्ही काय गाणी म्हटली असती?

पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून मला बनवलं. माझ्या डोक्यावरच्या नळीत दोन स्प्रिंगा आहेत, सगळा भार त्या पेलतात. तरुणपणी मी एका बोटाने वर जायचो. आमचे मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत, "शटर असावं तर असं!" तेव्हा रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुकानं बंद ठेवायचा नियम होता. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, रविवारी सकाळी खाली येऊन मला पुसत आणि तेल देत. मग नवरा-बायको बसने वहिनींच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे, जात. मी दिवसभर डुलक्या काढायचो.

पुढे नियम बदलला. ज्याला उघडायचं त्याने रविवारीही उघडावं, असं ठरलं. कोपऱ्यावर राहणाऱ्या नर्सबाईंना बरं वाटलं. त्यांना आठवड्यात खरेदीला वेळच मिळत नसे. त्यांचंही काही चूक नव्हतं. पण आमच्या मालकांचा उघडायचा मुळीच विचार नव्हता.

आमच्या समोरही किराण्याचंच दुकान आहे. त्याच्या मालकांना आमच्या घरात नावाने कुणी ओळखतच नाही. ते नुसते 'समोरचे'. नव्या नियमानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांचं शटर धाडकन वर गेलं. आमचे मालक दात घासत होते. "उघडलं त्यांनी!" असं ओरडून ते तसेच फेसाळ तोंडाने खाली धावले आणि त्यांनी मला वर ओढलं.

त्या दिवसापासून चार वर्षं एक रविवार सुटला नाही. वहिनींना सवड मिळेना, म्हणून मला तेल मिळेना. माझ्या खाचांत धूळ साचली, स्प्रिंगा ढिल्या पडल्या. मालकांची कंबर धरली. माझं कुरकुरणं वाढलं, तसं त्यांचंही वाढलं.

त्यातच आक्कांचं मोठं ऑपरेशन झालं. त्या घरी आल्या, पण अंथरुणाला खिळल्या. त्यांचा फोन आला की वहिनी म्हणत, "येत्या रविवारी नक्की." असे सहा रविवार गेले.

सातव्या रविवारी वहिनी पिशवी भरून जिन्यात बसल्या. "आज मी जाणार. तुम्ही येणार आहात की नाही?"

"अगं, समोरच्यांचं उघडं आहे! गिऱ्हाईक एकदा तिकडे वळलं की वळलंच," असं म्हणत मालकांनी मला हिसका दिला.

कट्‌! माझी एक स्प्रिंग तुटली. मी गुडघ्याएवढ्या उंचीवर तिरका अडकलो. शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही केलं!

मालकांनी कितीही ओढलं तरी मी वरही जाईना, खालीही येईना. त्यांची धडपड पाहून समोरचे रस्ता ओलांडून मदतीला आले. दोघेही घामाघूम झाले.

"तुमच्यामुळे हो हे सगळं," मालक धापा टाकत म्हणाले. "तुम्ही उघडता म्हणून मला रविवारी उघडावं लागतं."

"माझ्यामुळे? तुमचं उघडं दिसतं म्हणून मी उघडतो!"

"पहिल्या रविवारी तुम्हीच उघडलंत. मी कानांनी ऐकलं."

समोरच्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, तेव्हा मिस्त्री आला होता, ग्रीस लावायला! तो गेल्यावर लावून घेणार होतो. पाहतो तर तुमचं सताड उघडं!"

वहिनी आधी पोट धरून हसल्या. मग हसता हसता रडायला लागल्या. "चार वर्षं! मधे हातभर रस्ता, आणि दोघांपैकी एकाला विचारायला तोंड नव्हतं?"

समोरचे म्हणाले, "एक रविवार तुमचा, एक माझा. म्हणजे नर्सबाईंचंही अडणार नाही. आज माझं उघडं राहू दे. वहिनी, बस किती वाजता?"

"साडेनऊला."

मग तिघांनी मिळून मला खाली दाबलं. जमिनीला टेकलो तेव्हा, काय सांगू मित्रांनो, माझी पट्टी न् पट्टी सैल झाली. हुश्श! मालक आणि वहिनी जवळजवळ धावतच बसकडे गेले.

सोमवारी मिस्त्रीने मला नवी स्प्रिंग बसवली. वहिनी तेलाची बाटली घेऊन उभ्या होत्या आणि नर्सबाईंना सांगत होत्या, "आक्का उठून बसली हो! माझ्या हातचं पोटभर जेवली."

मित्रांनो, दुकान कधी उघडावं हे ठरवण्याइतकं शहाणपण माझ्या पत्र्यात नाही. पण माझ्यासारख्यांना वेळेवर तेल द्या. आणि समोरच्याला पाहून धावत सुटण्याआधी, रस्ता ओलांडून त्याला एकदा विचारा. तोही तुमच्याकडेच पाहून धावत असेल, आणि तिकडे कुणाची तरी आक्का वाट पाहत असेल.