पलीकडच्या काठावरचा सरासरी वेग

आमचे हे शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात आणि घरी माणसांना मार्क देतात. धाकट्या भावाला तर त्यांनी केव्हाच कायमचं नापास करून टाकलंय. शाळेत असताना भावजींची शिकवणी ह्यांनीच घेतली, तरी ते त्या विषयात दोनदा आपटले. तेव्हापासून त्यांचं नाव 'ढ'. आता भावजींचं टायरचं मोठं दुकान आहे, दोन्ही मुली कॉलेजात जातात, पण ह्यांचं आपलं 'आमचा ढ कुठंय?' चालूच. मुली हसायच्या. भावजीही हसायचे, पण त्यांचा चेहरा उतरायचा आणि मला फार राग यायचा.

त्या दिवशी आम्ही सगळे पोहण्याच्या तलावावर गेलो होतो. हे नुकतेच पोहायला शिकले होते, म्हणजे बुडत नव्हते इतकंच. तरी पाण्यात उतरता उतरता म्हणाले, "काय रे ढ, लावतोस शर्यत?"

भावजी या वेळी हसले नाहीत. "लावतो. पलीकडच्या काठाला हात लावून परत इथे. मी जिंकलो तर मला ढ म्हणायचं नाही, दादा. निदान पोरींसमोर तरी."

ह्यांनी हसत हसत कबूल केलं. मी टाळी वाजवून सुरुवात करून दिली.

भावजी गेले आणि आलेसुद्धा. आमचे हे हातपाय झाडत कसेबसे पलीकडे पोचले आणि काठाची दांडी धरून लटकले ते लटकलेच.

"बाबा जिंकले!" मुली ओरडल्या.

"थांबा!" पलीकडून आवाज आला. धाप लागली होती, पण शिकवण्यापुरता दम शिल्लक होता. "सरासरी वेग म्हणजे काय? विस्थापन भागिले वेळ. विस्थापन म्हणजे किती पाणी कापलं ते नव्हे. निघालो ती जागा आणि पोचलो ती जागा, यांच्यातलं सरळ अंतर. हा निघाला तिथेच परत आला. विस्थापन शून्य, सरासरी वेग शून्य! मी निदान इथवर आलोय. जिंकलो मी! पण त्या ढला हे कसं कळणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हरलेल्या माणसाने मुकाट बसावं, तर ह्यांनी तलावातच वर्ग भरवला! मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावजींनी मला हाताने थांबवलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

"दादा," ते सावकाश म्हणाले, "मग तू परत आलास की तुझंही विस्थापन शून्य."

"अं... हो."

"काठाकाठाने चालत आलास तरी?"

"तरीही."

"आणि तिथेच लटकून राहिलास, तर विस्थापन तेवढंच, पण वेळ वाढतोय. म्हणजे आपण बोलतोय तोवर तुझा सरासरी वेग कमी होत चाललाय."

मुली बापाकडे बघतच राहिल्या.

"बरोबर!" हे इतक्या जोरात ओरडले की हातातली दांडी सुटली आणि नाकातोंडात पाणी गेलं. खोकत वर आले तेव्हा चेहरा इतका फुलला होता, की तेवढा मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. "अगदी बरोबर! अरे, माझ्या वर्गात हे एकालाही आपणहून सुचत नाही!"

मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. ते पुन्हा दांडी धरून लटकले. वेग आणखी कमी होत होता.

"पोरींनो," ते शेवटी म्हणाले, "तुमचा बाबा ढ नाही. कधीच नव्हता. मला शिकवता आलं नव्हतं."

भावजींनी पुन्हा पाण्यात सूर मारला आणि ते ह्यांना आणायला निघाले.