दम पुरेल तेवढी ओवी

या, असे पुढे सरका. सतरंजी आखूड आहे, पण मांडीला मांडी लावून बसलं की सगळ्यांना पुरते. बुवा अजून यायचे आहेत, टाळ अजून पिशवीत आहेत. तोवर एका सासूची गोष्ट ऐका, खट्याळ म्हणून पंचक्रोशीत गाजलेल्या सासूची. ऐकून झाल्यावर मन हलकं होईल, एवढा माझा शब्द.

गड्याने पोटमाळ्यावरून उतरवलेलं जातं सुगंधाबाईंनी ओसरीवर नीट टेकवून घेतलं, खुंटा दोनदा ठोकला आणि सुनेला म्हणाल्या,

"बठ. आनि म्हन."

रंजना बसली. एकोणीस वर्षांची, लग्नाला सात महिने झालेली. बसताना एक हात भिंतीला लागे, एक गुडघ्याला. शरीर माहेरापासूनच जड. तिने मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात टाकली, ओवी धरली. दुसरं कडवं अर्ध्यावर आलं आणि आवाज तुटला.

"थांब. दम खा," सासू म्हणाली आणि ज्वारीचं सूप उचलून आत घेऊन गेली. त्या दिवसाचं दळण तेवढंच.

गावात इंजिनवरची गिरणी येऊन दोन वर्षं झाली होती. तिची पुकपुक तापीच्या पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जाई. केळी-कापसाच्या त्या गुजर गल्लीत सगळ्यांची जाती माळ्यावर गेलेली, आणि सुगंधाबाईंनी मात्र आपलं खाली काढलं. शेजारच्या मीनाबाईंनी भिंतीवरून मान वर केली.

"गिरणी बंद पडनी का व सुगंधाबाई?"

"नही. घरनं पीठ गोड लागस."

खरं कारण निराळं होतं. दिवाळीनंतर देवळाच्या पायऱ्या चढताना रंजना चौथ्या पायरीवरच मटकन बसली होती. ओठ पांढरे, बोलायला शब्द नाही. छगनने आईला आणि बायकोला नंदुरबारहून आगगाडीत बसवून चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, वजनाच्या काट्यावर उभं केलं, आणि औषध काही लिहिलं नाही.

"छातीत दोष नाही. शरीराला कष्टाची सवय नाही आणि वजन फार आहे. कष्ट द्या, पण दुसरीच्या मापाने नाही, हिच्या मापाने. काम करताना हिला बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं. सोपं वाटायला लागलं की थोडं वाढवायचं."

सुगंधाबाई जन्मभर कीर्तनात बसलेल्या. बोलण्याचं माप त्यांना पटलं नाही; बोलताना माणूस लबाडी करतं. गाण्याचं पटलं. गाताना श्वास लपवता येत नाही.

परतताना गाडीत रंजनाने सासूचे दोन्ही हात धरले. माहेरी धाकटी पुष्पा उपवर होती. थोरली दम्याची निघाली अशी बोलवा झाली, तर धाकटीला पाहायला कोण येणार? आणि आप्पांना, तिच्या वडिलांना, कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं. चुनीलालआप्पांच्या पोटात सकाळची गोष्ट दुपारपर्यंत टिकत नसे. सुगंधाबाईंनी खिडकीबाहेरच्या डोंगराकडे पाहत देवाची आण घेतली. कोणालाही सांगणार नाही.

तर असं ते चाललं. मुठीचं ओंजळभर झालं, ओंजळीचं सूपभर. मग पाण्याची कळशी आली. घाटाला बावन्न पायऱ्या. पहिल्या आठवड्यात सहा पायऱ्या उतरायच्या, सहा चढायच्या, कळशी रिकामीच. मागून सासू.

"म्हन ना व. जोरमा म्हन."

रंजनाच्या ताटातलं तूप बंद झालं, आणि न बोलता सुगंधाबाईंच्या ताटातलंही. एकदा दळताना ठेवणीतली गाणी संपली, तेव्हा रंजनाने आठवडे बाजाराची यादी ओवीच्या चालीवर लावली, वांगी-मिरची-हिंगापर्यंत. तीही संपल्यावर सासूलाच वाघीण करून ओवीत बसवलं, जात्याशी बांधून घालणारी वाघीण. सुगंधाबाई पदर तोंडाला लावून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

भिंतीपलीकडे मीनाबाईंना ओवी ऐकू आली. हसू ऐकू आलं नाही.

मग काय विचारता. गडी असताना सुनेला पाण्याला धाडते, गिरणी असताना दळायला बसवते, तूप तोडलं. "दळाले लावस ते लावस, वरतून गानं बी म्हनाले लावस," हे तर पाणवठ्यावर हसून हसून सांगितलं जाई. सुगंधाबाई वाटेने आल्या की बायका गप्प होत.

माघात हरिनाम सप्ताह बसला. थंडी फार, म्हणून कीर्तन दुपारी. बुवा बाहेरगावचे, त्यांना कशाची कल्पना नाही. त्यांनी आख्यान लावलं ते एका भोळ्या भाविक सुनेचं आणि तिला छळणाऱ्या सासूचं. बुवांनी सासूचा आवाज काढला तशा बायकांच्या माना एकेक करून वळल्या. त्या सगळ्या माना सुगंधाबाईंकडे. त्या टाळी देत होत्या. हात एकदाही चुकला नाही, फक्त नजर बुवांवरून हलून विठोबाच्या पायांवर गेली आणि तिथेच राहिली.

शेजारी बसलेली रंजना उठायला लागली. तोंड उघडलं होतं तिने. सुगंधाबाईंनी टाळीतला एक हात काढून तिच्या गुडघ्यावर दाबून ठेवला.

"बठ. कीर्तन चालू शे."

दोन दिवसांनी चुनीलाल बैलगाडी घेऊन आले. एरवी दारातूनच बोलत येणारा माणूस, पण आज पाय न धुताच ओसरीवर बसला. जेवायला वाढलं तेव्हा तुपाची वाटी त्यांनी हाताने सरकवून दिली.

"मी मन्ही पोरले लेवाले येल शे," ते म्हणाले. "परत धाडाना विचार नही."

छगन काही बोलू गेला. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दाराआड रंजनाने चौकट घट्ट धरली होती. तीन महिन्यांत ती चाळीस पायऱ्यांवर आली होती. माहेरी गेली की पाटावर बसणं आणि कौतुकाचा शिरा. आणि खरं सांगावं तर आण मोडते, पुष्पाचं बघणं तर येत्या पंधरवड्यावर.

सुगंधाबाईंनी ताटातला शेवटचा घास संपवला.

"लई जा, भाऊ. तुमनी पोर शे. पन वेशीवरना मारुतीलोंग ती पायी येई. रीत शे."

रीत होतीच. सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर सून गाडीत बसत नसे. गावाबाहेरच्या मारुतीला नमस्कार करून मगच बसायची. लग्नानंतरच्या पहिल्या मुळाला, माहेरचे न्यायला आले तेव्हा, रंजनाला ते जमलं नव्हतं. चार घरं ओलांडून तिला गाडीत बसवावं लागलं होतं, तेही तिवईवर चढवून, दोन बायकांनी हात देऊन. चुनीलालनी तेव्हा मान खाली घातली होती. आजही ती तिवई त्यांनी गाडीत टाकून आणली होती.

गाडी निघाली. मारुतीपर्यंतचा रस्ता चढाचा, पाऊण मैल. बैल आपल्या चालीने, चाकाशेजारी रंजना, आणि बरीच मागे सुगंधाबाई. रंजना बोलू लागली. पुष्पाला बघायला कोण येणार, काबरी म्हैस व्याली का, आईचा दात दुखायचा राहिला का, नव्या विहिरीला पाणी कसं लागलं. उत्तराची वाट न पाहता पुढचा प्रश्न. चुनीलाल आधी हुंकार देत होते. अर्ध्या चढावर त्यांचे हुंकार थांबले. त्यांनी कासरा सैल सोडला आणि मान वळवून मुलीकडे पाहत राहिले. तिचं बोलणं कुठेच तुटत नव्हतं.

मारुतीपाशी गाडी थांबली. रंजनाने नमस्कार केला, एक पाय चाकाच्या तुंब्यावर ठेवला, दांडी धरली आणि वर चढून बसली. कपाळावर घाम होता. गाल लाल होते.

"आप्पा," ती म्हणाली, "घाटन्या अजून बारा पायऱ्या बाकी शेतस."

चुनीलाल गाडीतल्या तिवईकडे पाहत होते. मग खाली उतरले, तिवई काढली आणि मारुतीच्या सावलीत नेऊन मांडली. सुगंधाबाई चढ चढून तिथवर आल्या होत्या. एका हाताने पदर, एका हाताने छाती धरून. बोलायला शब्द फुटत नव्हता.

"बठा, विहीनबाई," चुनीलाल म्हणाले. "दम खा."

त्या बसल्या. चुनीलाल समोर जमिनीवर टेकले, फेटा काढून मांडीवर ठेवला.

"मन्ही चूक व्हयनी."

सुगंधाबाईंनी हात हलवला, जाऊ द्या म्हणून. श्वास ताळ्यावर आल्यावर एवढंच म्हणाल्या,

"कोनले सांगू नका."

चुनीलालनी मुलीकडे पाहिलं. ती गाडीतून उतरत होती, चढली तशीच, कोणाचा हात न घेता. बैल जुंपलेलेच होते. गाडी वळवून त्यांनी दोघींना घरी पोचवलं, ओसरीवर पाय धुतले आणि तूप मागून घेऊन पुन्हा जेवले. गाडीतून आणलेली तिवई ओसरीवरच राहिली. पुढे सुगंधाबाई तिच्यावर बसून जात्याला ताल देत.

आणि चुनीलाल जन्मात पहिल्यांदा गप्प राहिले. पुष्पाचं लग्न झालं, रंजना बावन्न पायऱ्या भरल्या कळशीने चढू लागली, तिला पोरंबाळं झाली. तरी त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. म्हणून गाव शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलं, जे मीनाबाईंनी भिंतीवरून ऐकलं होतं.

हे बघा, बुवा आले. टाळ निघाले. आज आख्यान कोणतं लागेल, ठाऊक नाही. पण त्यात कुणी सासू आली, आणि तुमच्या माना शेजारणीकडे वळायला लागल्या, तर तेवढ्यापुरती आमच्या सुगंधाबाईंची आठवण काढा. टाळी मात्र चुकू देऊ नका; त्यांनी दिली नसती चुकू.