कापडी पंखांचं विमान

वहिनीनं नोकरीची सगळी वर्षं एका रुग्णालयात एक्स-रे काढण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर ती जुनी विमानं शोधत सुटली. गळ्यात कॅमेरा, खांद्याला पिशवी, पायात मळखाऊ बूट. कुठल्या संग्रहालयाच्या मागच्या शेडमध्ये काय पडलंय, कुठल्या धावपट्टीच्या कडेला गवतात कुणाचं शेपूट दिसतंय, याची बातमी तिला कुठून लागायची देव जाणे. नवऱ्याचे गुडघे धरलेले, त्यामुळे तो घरीच. "बायका दागिने बघतात, आमची भंगार बघते," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि तिनं काढलेला प्रत्येक फोटो दोनदा बघायचा.

सोबतीला असायची नणंद. ती व्यवसायानं शिवणवाली. सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असलं की भावजयीबरोबर निघायची, पण विमानांसाठी नाही, वाटेतल्या गप्पांसाठी. एकदा विमानाजवळ पोचलं की ती सावली बघून बसायची आणि कुणाचा तरी सदरा उसवत राहायची.

एका विमानाच्या मागे मात्र वहिनी हात धुऊन लागली होती. दोन मजली पंखांचं, दोन माणसांचं, वैमानिकांना शिकवायचं साधं विमान. एके काळी शेकड्यांनी बनलेलं. तिला ते आतापर्यंत तुकड्यातुकड्यानंच भेटलं होतं. एका शाळेच्या आवारात नुसता सांगाडा, एका खानावळीच्या भिंतीवर नाकावरचा लाकडी पंखा, एका शेतकऱ्याकडे धडाचा अर्धा भाग, त्यात कोंबड्या. ते अख्खं कसं दिसत असेल, हे ती डोळे मिटून जुळवत बसायची.

मग कळलं की एका लहानशा विमानतळाच्या संग्रहालयात एक पूर्ण विमान आहे, पण दुरुस्तीला काढल्यामुळे लोकांना दाखवत नाहीत. दोघी तरीही गेल्या.

दारावरच्या माणसानं हात आडवा केला. वहिनीनं त्याला कोंबड्यांचा फोटो दाखवला. त्यानं तो निरखून पाहिला, आत गेला आणि मुख्य मिस्त्रींना घेऊन आला. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, हे आमच्याचंच भावंड की! या, आत या."

शेड उंच होती, छताच्या काचांतून उजेड उतरत होता. मधोमध विमान. पंख उतरवून लाकडी घोड्यांवर उभे केलेले. एका पंखाचं जुनं कापड सोडवलेलं होतं आणि आतल्या लाकडी फासळ्या उघड्या पडल्या होत्या. बोटभर रुंदीच्या, पोकळ, एकामागे एक, शेवटाकडे लहान होत गेलेल्या. वहिनी जागच्या जागी थबकली. आयुष्यभर तिनं माणसांच्या छात्या काचेवर लावून पाहिल्या होत्या. इतकी सुबक छाती तिनं पाहिली नव्हती.

"एवढ्याशा काटक्यांवर माणूस वर जायचा?" तिचा आवाज आपोआप खाली आला.

"काटक्या आणि कापड," मिस्त्री म्हणाले. "दुसरं काहीच नाही."

कापड हा शब्द ऐकून नणंद उठली. जुनं कापड अजून असलेल्या पंखाशी गेली, वाकली, नाक लागेल इतकी जवळ. कापडावरून ओळीनं बारीक उंचवटे गेले होते. तिनं त्यांवरून बोट फिरवलं.

"वहिनी, इकडे ये. अगं, हे हातानं शिवलंय!"

"हो तर," मिस्त्री म्हणाले. "कारखान्यात बायका शिवायच्या. सुई एका बाजूनं आत, फासळीला वळसा, दुसऱ्या बाजूनं बाहेर, आणि प्रत्येक टाक्याला गाठ. एक टाका सुटला तरी पुढचा सुटू नये म्हणून."

नणंदेनं हातातला सदरा काखेत मारला आणि एक गाठ निरखून पाहिली. मग म्हणाली, "त्या बायकांच्या टाक्यांवर लोक आभाळात लटकायचे. आणि मी बाहीचा टाका सुटला म्हणून लोकांची बोलणी खाते."

मिस्त्री हसले, मग गंभीर झाले. कापड बदलायचं होतं, शिवणारं कुणी मिळत नव्हतं. त्यांच्या माणसांनी करून पाहिलं, पण दोरा कधी सैल, कधी इतका ओढलेला की कापड सुरकुतायचं.

"मी बघू का करून?" नणंदेनं विचारलं.

मिस्त्रींनी तिला एका सुट्या चौकटीवर शिवायला दिलं. ती शिवण त्यांनी वजनं टांगून ताणली, नखानं उचकून पाहिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताणली. गाठी हलल्या नाहीत.

तेव्हापासून दर सुट्टीला दोघी तिथे. हे काम एकटीचं नव्हतं. पंख उभा करून एका बाजूला नणंद, दुसऱ्या बाजूला वहिनी. हातभर लांब सुई कापडातून आत शिरायची आणि वहिनीच्या बाजूला टोक निघायचं. ती सुई ओढायची, फासळीच्या पलीकडून परत घालायची. मध्ये कापड, त्यामुळे एकमेकींची तोंडं दिसायची नाहीत. उजेड पडला की नणंदेची फक्त सावली हलायची.

"वहिनी, झोपलीस का पलीकडे?"

"तुम्हीच सुई दिली नाहीत, वन्सं!"

"दिलीये केव्हाच. बोटात घुसली असेल, बघ."

शिवण झाल्यावर मिस्त्रींनी कापडावर एक द्रावण चढवलं. नखांच्या रंगासारखा वास शेडभर पसरला. आणि मग दोघींच्या देखत ते सैल कापड आवळत गेलं. सुरकुत्या विरल्या, फासळ्या उठून आल्या. वाळल्यावर वहिनीनं टिचकी मारली. ढोलकीसारखा आवाज आला, म्हणून तिनं आणखी एक मारली.

पंख बसवून झाल्यावर एका सकाळी विमान पहिल्यांदा शेडबाहेर काढलं. उडवायचं नव्हतंच. इंजिन आतून रिकामं होतं, टाकीत इंधनाचा थेंब नव्हता. फोटोपुरतं गवतावर न्यायचं आणि परत आणायचं. वहिनी पुढे जाऊन गुडघ्यांवर बसली. खानावळीतला पंखा, शाळेतला सांगाडा, सगळं आज एकत्र, अख्खं, तिच्यासमोर. पंखांतून ऊन गाळून येत होतं आणि आतल्या फासळ्यांच्या सावल्या बाहेर दिसत होत्या. तिनं थोडे फोटो काढले आणि भिंग पुसायला कॅमेरा खाली केला.

तेवढ्यात समोरून वारा आला. फार मोठा नव्हता. गवत एका बाजूला लवलं, पंखांमधल्या तारा गुणगुणायला लागल्या आणि विमानाचं एक चाक गवतावरून सुटलं.

"धरा!" मिस्त्री ओरडले. "पंख धरा! शेपूट वर उचला, म्हणजे नाक खाली येऊन बसेल!"

वहिनी धावली. तिनं दोन पंखांमधला उभा दांडा दोन्ही हातांनी पकडला. आणि तिला ते जाणवलं. कुणी ढकलत नव्हतं, कुठलं यंत्र चालत नव्हतं, तरी तो दांडा तिच्या मुठीतून वर चालला होता. धक्का नव्हता, हिसका नव्हता. झोपेतून उठणाऱ्या माणसाला आधार द्यावा तशी सावकाश, भक्कम ओढ. तिच्या टाचा उचलल्या गेल्या. डोक्यावर कापड ताठ फुगलं होतं, आणि तिनं व नणंदेनं घातलेला टाका न् टाका त्या ओढीला धरून उभा होता.

मागे नणंद मिस्त्रींच्या माणसांबरोबर शेपटाखाली खांदा लावून ओरडत होती, "अरे, आत्ताच कुठे शिवून झालंय, जरा दम धर की!"

शेपूट वर गेलं, ओढ विरली, चाक गवतावर टेकलं. लगेच दोरांनी विमान जमिनीला बांधलं गेलं. मिस्त्रींनी कपाळावरचा घाम पुसला. एवढी वर्षं या कामात काढलेला माणूस, पण त्यांनीही प्रत्येक दोर पुन्हा ओढून पाहिला. नणंद एकेका फासळीवरून तळवा फिरवत पंखाच्या टोकापर्यंत गेली आणि तशीच परत आली.

"एकही नाही सुटला," ती म्हणाली आणि मटकन गवतात बसली.

वहिनी अजून तळहातांकडे बघत होती. "वन्सं, ते निघालं होतं हो."

संध्याकाळी घरून नवऱ्याचा फोन आला. "काय गं, फोटो आले का चांगले?"

"आले थोडे. मुख्य राहिला."

"राहिला? मग दिवसभर केलंस काय?"

"विमान धरून ठेवलं."

त्यानं हळूच विचारलं, "आणि थांबलं?"

"थांबलं," वहिनी म्हणाली. "पण मनात नव्हतं त्याच्या."