सहाच्या आतले रक्त

माझ्या सासऱ्यांनी रक्ततपासणीची ही प्रयोगशाळा थाटली, यजमानांनी ती नावारूपास आणली, मुलाने तीत यंत्र आणले. आणि चौथ्या पिढीत नातीने त्या यंत्रावर प्रथमच घरचे रक्त लावले.

दंडक माझा होता: यंत्र गिऱ्हाइकांसाठी, घरच्यांना काचपट्टी. पट्टीवर रक्तातून निवळलेले सीरम आणि औषध, एकेक थेंब कालवायचा. दाणे धरले तर अंगात दाह. न धरले तर माणूस ठणठणीत. सूनबाई अकरा वर्षे थकव्याची, अंगदुखीची तक्रार करीत होती. दर वर्षी मी पट्टी दिव्यासमोर धरी आणि सांगे, "दाणे नाहीत. कामाचा कंटाळा मात्र स्वच्छ दिसतो."

"मग त्याचेही औषध मागवा, आई," ती हसून म्हणे.

नात शिकून परतली. तिने तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा आईचे सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन, यंत्रावर मोजले. दोन्ही वेळा आकडा पाचाच्या वर, सहाच्या आत.

"आजी, पट्टीला सहाच्या खालचे दिसतच नाही. आणि तीनच्या वर सतत राहिले तरी हृदयाला धोका असतो."

"अगं, पण ताप नाही, कुठे सूज नाही!"

"मंद आचेवरच भांडे नकळत करपते."

"किती वर्षांपासून?"

तिने पट्ट्यांच्या निकालांची वही माझ्यापुढे उघडली. अकरा वर्षांच्या नोंदी माझ्याच अक्षरात होत्या.

डॉक्टरांनी पुढच्या तपासण्यांची तारीख दिली. त्या तारखेच्या चार दिवस आधी सूनबाईला हृदयविकाराचा झटका आला. "हृदय पाव हिश्शानेच चालते आहे. घरी न्या," ते म्हणाले.

ती लग्न होऊन आली त्या वर्षी मला विषमज्वर झाला होता. चाळीस दिवस तिने मला चमच्याने भरवले, माझे अंग पुसले. मी कोणाचे ऋण ठेवत नाही, हा माझा तोरा. तिचे तेवढे राहिले होते.

मी परिचारिका ठेवू दिली नाही. चमचा स्वतः हाती घेतला.

"आई, हात थरथरतो तुमचा. निम्मे उशीलाच."

"तुझी जीभ तेवढी शाबूत आहे. तोंड उघड."

चाळिसाव्या दिवशी संध्याकाळी तिने चमचा हलकेच बाजूला सारला.

"मोजत होतात ना? मीही मोजत होते. फिटले, आई."

एकेचाळिसावा दिवस तिने मला दिला नाही.