डोंगा पाठीवर घेतला तेव्हा

मी आमगावच्या छोटेलालजींची ट्रॉली आहे, मित्रांनो. दोन चाकांची, मागचं फळकट ढिलं झालेली, रंग कुठला होता ते आता मलाही आठवत नाही. हसू नका! माझ्या पाठीवरून विटा गेल्या, शेणखत गेलं, एकदा तर अख्खं वऱ्हाड गेलं. धानाचे भारे किती गेले, ते गावातल्या उंदरांना विचारा.

मनिराम लोहाराने मला जोडलं, तेव्हा तो माझ्या दांडीवर उभा राहून चक्क नाचला होता. "हत्ती टाका, तरी मोडनार नाई!" हत्ती काही कुणी टाकला नाही, पण बारा वर्षं मी खरंच मोडले नाही. मग एक मोठी, आपोआप उलटणारी नवी ट्रॉली आली आणि माझी रवानगी गोठ्यामागे झाली. माझ्यावर दोडक्याचा वेल चढला. कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. छोटेलालजींची दहावीतली गुंजन रोज ती अंडी न्यायला यायची, आणि मला उगाच वाटायचं की माझीच विचारपूस करायला आली.

गेल्या दिवाळीनंतर चिचगडकडची दुर्पताबाई आमच्या अंगणात आली. तिच्या गावचा तलाव यंदा पहिल्यांदाच बायकांच्या गटाला मिळाला होता. त्यांनी त्यात शिंगाडा लावला होता आणि तो पिकला होता.

"काठचा तोडला जी," ती म्हणाली. "पन मधात पानी डोक्यावर हाय. चार दिवसांत नाई तोडला तं गळून बुडाशी जाते. सारी मेहनत गाळात. वरून गावातले मानसं हासतीन, बायकाइले तलाव कायले देला म्हनून."

आमगावच्या बकाराम ढिवराकडे तिला एक जुना लाकडी डोंगा, म्हणजे लांबट होडी, मिळाला होता. पण तो साठेक किलोमीटर न्यायचा कसा? ट्रॅक्टर मोकळा होता, पण नवी ट्रॉली धान भरून उभी.

"बाबूजी, आपली जुनी आहे ना!" गुंजन ओरडली.

"तिच्यात कोंबडी बसून राहिली."

"कोंबडीला मी समजावते!"

तिने खरंच समजावलं. वेल काढला, हवा भरली, चाकांना वंगण दिलं. किती वर्षांनी! मला गुदगुल्या झाल्या.

आता ऐका. डोंगा अठरा फुटांचा आणि मी दहा फुटांची. त्याचं नाक ट्रॅक्टरकडे केलं, शेपूट माझ्या मागे हवेत राहिलं. शेपटाला लाल फडकं बांधलं, गुंजन आणि दुर्पताबाई ट्रॅक्टरवर छोटेलालजींच्या शेजारी बसल्या आणि निघालो. शंभर पावलं गेलो नाही, तोच सुशिलाबाई आडव्या आल्या.

"देवरीवरून चालले का जी? माही पोरगी तिथं देली हाय. नवे तांदूळ न्या तिच्यासाठी."

आमच्याकडे नवं धान निघालं की लेकीच्या गावाला जाणारी गाडी कुणी रिकामी जाऊ देत नाही. सुशिलाबाईंनी पोतं ठेवलं, ते हात पोचला तिथे, म्हणजे डोंग्याच्या शेपटात. मग दुसरं आलं. मग तिसरं. आमगाव सुटेपर्यंत अकरा पोती, सगळी शेपटात! "लेकीचा घास हाय, नाई कसं म्हनू?" म्हणत दुर्पताबाईने स्वतःच हात लावला.

माझी चाकं मध्ये आणि वजन सगळं मागे. ट्रॅक्टरला अडकवलेली दांडी वर उठायला बघत होती आणि मी डावी-उजवी डुलायला लागले.

"बाबूजी, ट्रॉली नाचून राहिली," गुंजन म्हणाली.

"रस्ता खराब हाय."

रस्ता नवा कोरा होता, मित्रांनो.

देवरीच्या अलीकडच्या चढावर माझी दांडी खाडकन वर उचलली गेली, दोर सरकला आणि डोंगा हातभर मागे घसरला. खर्रर्र! शेपूट डांबरावर घासायला लागलं. छोटेलालजींनी ब्रेक दाबला. दुर्पताबाईने उडी मारली, धावत मागे गेली आणि डोंग्याखाली खांदाच लावला. गुंजन तिच्या शेजारी. मला तर काहीच करता येईना. मी फक्त उभी राहिले, पण अशी घट्ट उभी राहिले!

फळीची कड सोलली होती. नशीब, फुटली नव्हती.

"दोर कच्चा होता," छोटेलालजी म्हणाले.

"दोर नाही बाबूजी, पोती!"

"पोते तं वजनदारच राहतेत."

दुर्पताबाई घाम पुसत म्हणाली, "भाऊ, कावड खांद्यावर घेता, तवा दोनी घागरी मांगंच बांधता का?"

छोटेलालजींनी आधी डोकं खाजवलं, मग ते हसले, आणि मग पहिलं पोतं त्यांनीच उचलून डोंग्याच्या नाकात नेऊन ठेवलं. त्यानंतर मी अशी सरळ चालले, जशी शाळेतली रांग गुरुजी बघत असताना चालते.

देवरीत लेकींच्या दारी पोती उतरवून तलावावर पोचलो, तेव्हा ऊन कललं होतं. आता मला उलटं पाण्यात न्यायचं होतं. ट्रॅक्टर डावीकडे वळवला की मी उजवीकडे जाते, हा माझा जन्मजात स्वभाव. तीन वेळा आम्ही बेशरमाच्या झुडपात शिरलो.

"भाऊ, तलाव इकडं हाय!" काठावरच्या बाया हसून लोटपोट.

गुंजन पाण्यात गुडघाभर उभी राहिली. "बाबूजी, तुम्ही फक्त मी हात करते तिकडे फिरवा. बाकी काही बघू नका." आणि त्यांनी ऐकलं!

मित्रांनो, माझी चाकं पहिल्यांदा तलावात गेली. थंड पाणी आसावरून पाठीपर्यंत चढलं. डोंगा थोडा हलला, कुरकुरला आणि कुणीही न उचलता माझ्या पाठीवरून अलगद सुटला. दुर्पताबाई बांबू घेऊन त्यात चढली आणि मधोमध गेली. तिने वाकून एक वेल उपसला.

"शिंगाडा धरून हाय वो!" तिथूनच ती ओरडली. "सारा धरून हाय!"

काठावर जो गलका उठला, तो मी लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

म्हणून सांगते, मित्रांनो. वजन टाका, पण कुठे टाकता ते बघा. निघण्याआधी दोर आणि दांडीची पिन हाताने ओढून बघा. पाण्यातून आलेल्या चाकांना लगेच वंगण द्या, नाहीतर आम्ही आतून गंजतो आणि बाहेरून कळतही नाही. आणि जुनं म्हणून आम्हाला एवढ्यात मोडीत काढू नका. आमचं मागणं फार नसतं. थोडी देखभाल आणि जायला एखादा लांबचा रस्ता!