समाधानकारक हवा

‘गावातील ओझोनची आठ तासांची सरासरी मानकाच्या मर्यादेत असून हवा समाधानकारक आहे,’ असे तपासणी कंपनीच्या अहवालात लिहिले होते. वाक्य निर्दोष होते. फक्त ते आठ तास कोणते, हे सांगण्याचे सौजन्य त्यात नव्हते. धूर उन्हात शिजला की हा वायू जमिनीलगत तयार होतो. त्यामुळे तो दुपारीच माजतो. आणि कळमेश्वरच्या या बाजूला पालक दुपारीच काढतात, कारण माल पहाटे बाजारात लागतो.

असाच पालक काढताना नत्थू गेल्या चैत्रात वाफ्यात कोसळला. छातीला हात लावून गेला. आता त्याची मुलगी दीक्षा त्याच वाफ्यात खोकत होती.

“आयकलं वं? दोन वाजले. खोकलून राहिला तुहा बाप,” बायजाबाई म्हणाली.

“माय, बाबाले जाऊन वरीस झालं.”

“मंग सकाळी काहून नाई आयकू येत? मेल्यावरबी टाइम नाई सोडला त्यानं.”

दीक्षाचा विळा थांबला. आज ग्रामसभेने अहवाल स्वीकारला की कंपनी वाफ्याशेजारच्या छतावरचे हवा मोजणारे यंत्र उचलून नेणार होती. मग तिच्या खोकल्याला कोणताच आकडा साक्षी राहणार नव्हता. ती मातीच्या हातांनीच निघाली. बायजाबाई मागोमाग गेली.

ग्रामपंचायतीत सरपंच यमुताईंच्या हातात पेन होते. शेजारी यंत्र सांभाळणारा कंपनीचा माणूस ओमप्रकाश बसला होता.

“ओमप्रकाश भाऊ, हे आठ तास कोनते गा?” दीक्षाने विचारले.

“आता हवेलेबी टाइमटेबल रायते काय वं?” यमुताई म्हणाल्या. सभा हसली.

“हवेले नसन, ताई. उन्हाले तं रायते ना?”

पुढे बोलणार तोच तिला ढास लागली. ती भिंतीला टेकली. हसू विरले. मागून बायजाबाई उठली.

“हाच खोकला गा. छतावर तुही मशीन, खाली आमचा वाफा. तुले आयकू येत नव्हता?”

ओमप्रकाशने यमुताईंपुढचा अहवाल बाजूला सारला. मग जे बोलला, ते यमुताईंनी इतिवृत्तात शब्दशः लिहून घेतले:

“आयकू येत होता, बाई. पयल्याच दुपारी आकडा हद्दीच्या वर गेला. तवापासून बारा वाजले की मशीन मीच बंद करून खाली उतरत होतो. दुपारी त्या छतावर माहीबी छाती धरत होती.”